ताट रिकामे परत करू नये



गेल्या आठवड्यात मोबाइलवर एकाच दिवशी दोन मेसेज आले. पहिला आमच्या नातलगांच्या ग्रुपवर. 'नाताळ आपला सण नाही. मुलांना सांताच्या टोप्या घालू नका, शुभेच्छा देऊ नका, पुढे पाठवा.' दुसरा पुण्याच्या भाच्याचा. 'मामा, चोवीसला पणजीला येतोय. फोंताइन्हासमध्ये फोटो कुठे चांगले येतील आणि रात्री पार्टी कुठली बरी?'

खरे सांगतो, दोन्ही वाचून सारखेच वाईट वाटले. एकाला नाताळ परका, दुसऱ्याला तो नुसता देखावा. शेजारी दोघांच्याही हिशेबात नाही. म्हणून हे लिहायला बसलो. थोडे लांबेल, सांभाळून घ्या.

आमचे जुने घर पणजीला मळ्यात. मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या चढून वर गेले की खाली फोंताइन्हासची लाल कौले दिसतात. घरात बोलणे कोंकणीतून. लिहिणे, वाचणे, आरत्या, पत्रे सगळे मराठीतून. गोव्यातल्या कितीतरी हिंदू घरांची हीच तऱ्हा. बेळगावच्या किंवा इंदूरच्या मंडळींना हे समजावून सांगायला नको.

शेजारचे घर ख्रिश्चनांचे. त्या घरच्या बाईला आम्ही मुले नुसते 'बाय' म्हणायचो. आमच्याकडची चवथ नि दिवाळी त्यांच्याकडे जायची आणि त्यांचा नाताळ आमच्याकडे यायचा. जायचा-यायचा म्हणजे ताट जायचे-यायचे. त्यांच्या ताटाला 'कोंसुआद' म्हणतात. वर क्रोशाचा रुमाल घातलेला, खाली दोदोल, नेवऱ्या, कुलकुल, चण्याच्या डाळीचा दोस, पेरूचे पेराद. बेबिंका आणि बोलीन या दोन जिनसा आमच्या ताटात कधीच नसायच्या, कारण त्यांत अंडे. आई अंडे खात नाही हे बायला कोणी सांगितले होते देव जाणे, पण तिने ते कायम पाळले. आता लोक 'सर्वधर्मसमभाव' वगैरे मोठे शब्द वापरतात. आमच्याकडे तो शब्द नव्हता, बिनअंड्याचे ताट होते.

नाताळची तयारी आम्हाला डिसेंबर लागला की दिसायची. तीन तारखेला जुन्या गोव्यात सायबाचे फेस्त. आठ तारखेला पणजीच्या इगर्जीचे फेस्त आणि त्याची फेरी, तिथे खाजे आणि खेळणी. मग बायची मुले गोठ्याच्या तयारीला लागत. पसरट डब्यात माती घालून नाचणे पेरायचे, म्हणजे नाताळपर्यंत गोठ्यासाठी हिरवेगार गवत तयार. पाणी घालायचे काम माझ्याकडे असे. बांबूच्या काड्यांना रंगीत कागद चिकटवून नखेत्र करायचे. दिवाळीत ज्या हातांनी आमचा आकाशकंदील बांधला तेच हात, उरलेला कागदही तोच. दोदोलाला माडाचा गूळ, नारळाचा रस आणि तांदळाचे पीठ. तासन् तास ढवळावे लागते, हात थांबला की तळाला लागते. आमची आई संध्याकाळी जाऊन थोडा वेळ कालथा धरायची, आणि चवथीच्या नेवऱ्या मुरडायला बाय आमच्याकडे. नेवरी दोन्ही सणांना एकच, सारणात थोडा फरक.

चोवीसच्या रात्री इगर्जीची घंटा वाजायची. ही घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टीनियन मठाची, मठ पडला आणि पुढे ती पणजीला आली. मध्यरात्रीच्या मिसेला ते लोक 'मिस्स दो गाल', म्हणजे कोंबड्याची मिसा म्हणतात. आम्ही अंथरुणात जागे राहून ऐकायचो. सकाळी ताट येणार हे माहीत असायचे.

हे सगळे गोड गोड वाटेल. पण आमच्या शेजारालाही परीक्षेचे दिवस आले आणि मला मुख्यतः त्यांबद्दलच लिहायचे आहे.

पहिला नाताळ १९६१ चा. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला आणि सहाच दिवसांनी नाताळ. मी दहा वर्षांचा. आमच्या घरी आनंद, बायच्या घरी धास्ती. पुढे काय होणार, नोकरी राहणार की जाणार, त्यांना काही कळत नव्हते. त्या वर्षी ताट लहान होते. पण आले.

दुसरा १९६६ चा. तीन आठवड्यांनी, १६ जानेवारी १९६७ ला, जनमत कौल व्हायचा होता. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश म्हणून वेगळा ठेवायचा? विलीनीकरणाचे चिन्ह फूल, संघप्रदेशाचे दोन पाने. आमचे बाबा कट्टर फुलवाले. बायच्या भिंतीवर दोन पाने रंगवलेली. रस्त्यात बाबा आणि बायचा नवरा समोरासमोर आले तरी बोलत नसत. पंचवीसच्या सकाळी ताट आले तेव्हा बाबा म्हणाले, "घेऊ नका." आईने पदराला हात पुसले, ताट घेतले आणि एवढेच म्हणाली, "मत मागीर, शेजार पयलीं." बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी दोदोलाचा तुकडा मात्र त्यांनी खाल्ला.

ताट रिकामे परत करायचे नसते, ही आपली रीत. काही नसले तर चिमूटभर साखर तरी घालायची. त्या वर्षी आईने ताट ठेवून घेतले आणि संक्रांतीला तीळगूळ घालून परत पाठवले. मतदानाला दोन दिवस उरले होते. कौल संघप्रदेशाच्या बाजूने लागला, ३४,०२१ मतांनी. बाबांना ते शेवटपर्यंत लागून राहिले. पण ताटाची ये-जा थांबली नाही.

तिसरा नाताळ माझ्या स्वतःच्या चुकीचा. १९८६. राजभाषेचे आंदोलन. कोंकणी की मराठी? मी तेव्हा पस्तिशीचा, सासष्टीतल्या एका शाखेत. झाडे तोडून रस्ते अडवलेले, शाखेत पोचायचे मुश्किल. डिसेंबरात तर माणसे मेली. मी मराठीवाला. मराठी शाळेत शिकलो, आईने मराठी ओव्या म्हटल्या, आणि कोणी 'ही भाषा इथली नव्हे' म्हणाले की डोक्यात तिडीक उठायची. त्या वर्षी दिवाळीचा फराळ शेजारी पाठवू नका असे मी घरी सांगितले. आई तेव्हा थकली होती, निर्णय माझा चालत होता. तिने माझ्याकडे फक्त पाहिले.

नाताळच्या सकाळी बायची सून ताट घेऊन दारात उभी. बिनअंड्याचे. फराळाबद्दल एक शब्द नाही. मी बँकेत आयुष्यभर लोकांची थकबाकी मोजली, पण त्या सकाळी थकबाकीदार मीच होतो. पुढे ४ फेब्रुवारी १९८७ ला कायदा झाला. देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, मराठीचा वापरही त्यात ठेवला. त्या कायद्याबद्दल माझे मत आजही वेगळे आहे. पण मत वेगळे आणि फराळ बंद, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता, हे मला आईच्या आधी कळायला हवे होते.

आता त्या पहिल्या मेसेजकडे येतो. माझ्याच एका आतेभावाने फोनवर विचारले, "अरे, आपले देव कुठून कुठे गेले विसरलास का?" विसरलो नाही. मंगेश कुशस्थळीहून गेला, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून. जुवारी ओलांडून फोंडा महालात. मूळ देवळे पाडली गेली. १५६० ला इन्क्विझिशन आले आणि कायमचे बंद झाले ते १८१२ ला. हा इतिहास आहे, तो मुलांना सांगायलाच हवा. मी माझ्या नातवंडांना सांगतो.

पण तो अर्धा सांगू नये. इन्क्विझिशनचा जाच सगळ्यांत जास्त कोणाला झाला? बाटलेल्यांना. कारण धर्म बदलूनही ते जुन्या चालीरीती सोडत नव्हते. १७३६ चे फर्मान काढून पाहा. दारात तुळस नको, अमुक दिवशी उपास नको, लग्नात अमुक विधी नको. जे करू नका म्हणून ओरडून सांगावे लागते ते लोक करत असतात, एवढा हिशेब कोणालाही कळेल. बायच्या पूर्वजांनी आपल्याच चालींपायी दंड भरला. आजही त्यांच्या लग्नात 'रोस' असतो, नारळाचा रस अंगाला लावतात. आपली हळदच ती. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला हिंदू तेल वाहतात आणि शिरगावची लईराई तिची बहीण मानतात. राज्यकर्त्यांच्या पापाचे बिल शेजारणीच्या नावे टाकणे ही खोटी नोंद आहे. मी असली नोंद पास करणार नाही.

आणि ज्यांना भीती वाटते की नेवरी खाऊन धर्म जाईल, त्यांना एकच सांगतो. आमच्या आईने चाळीस वर्षे नाताळचा दोदोल खाल्ला आणि एकही एकादशी चुकवली नाही.

आता भाच्याचा मेसेज. बाबा रे, ये. अवश्य ये. जुने गोवे पाहा, पणजीच्या इगर्जीची रोषणाई पाहा, घराघरांवरची नखेत्रे पाहा, एकतीसला पोरे गवताचा 'जुना म्हातारा' जाळतात तोही पाहा. आपण दिवाळीला नरकासुर जाळतो, त्याचाच हा भाऊ. मिसा चालू असेल तर मागे गप्प उभा राहा, कोणी हाकलत नाही. पण फोंताइन्हास म्हणजे स्टुडिओ नव्हे. त्या रंगीत भिंतींमागे माणसे राहतात. तिथल्या लोकांनी 'फोटो काढू नका' अशा पाट्या लावल्या आहेत त्या उगाच नाही. कोणाच्या सोप्यावर चढून, कोणाच्या खिडकीला टेकून फोटो काढायचे, मोठ्याने ओरडायचे, बाटल्या टाकून जायचे, याला नाताळ साजरा करणे म्हणत नाहीत. मारुतीच्या जत्रेत कोणी आपल्या तुळशीवृंदावनावर बसून फोटो काढले तर आपण काय म्हणू?

खरी काळजी वेगळीच आहे. ताट पाठवणारी घरेच बंद होत चालली आहेत. पोर्तुगीज पासपोर्ट काढून मुले विलायतेला गेली. आमच्याकडची पुण्या-बंगळूरला. बायच्या घराला आज कुलूप आहे आणि आम्हीही मळा सोडून फ्लॅटमध्ये आलो. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक ख्रिश्चन बाई एकट्या राहतात, माझ्याच वयाच्या. परवाच्या नाताळला त्या बेकरीचा डबा घेऊन आल्या आणि ओशाळून म्हणाल्या, "घरांत करपाक कोण ना, भाई." त्याच आठवड्यात इमारतीच्या ग्रुपवर वाद चालू होता, खाली नखेत्र लावायचे की नाही. तीन-चार जण नको म्हणाले. मी वाचत होतो आणि गप्प बसलो. १९८६ नंतर पुन्हा एकदा चूक केली.

म्हणून मागच्या वर्षी आम्ही दोघे नवराबायको अठरा डिसेंबरला त्यांच्याकडे गेलो. म्हटले, नेवऱ्या इथेच करूया. त्यांनी पारी लाटली, आमच्या हिने मुरड घातली, दोदोलाचा कालथा माझ्या हातात दिला. एका तासात दंड भरून आले आणि तळाला थोडे लागलेही. जुन्या गोव्यात तेव्हा शवप्रदर्शन चालू होते. त्यांचे कोणी नातलग त्यासाठी आले होते, त्यांनाही ताट गेले. आणि खाली नखेत्र लागले. मी ग्रुपवर लिहिले, "नखेत्राचा खर्च माझा, दिवाळीच्या कंदिलाचाही माझा." मग कोणी काही बोलले नाही.

माझे म्हणणे एवढेच. नाताळचा आनंद घ्यायचा तर तो रस्त्यावरून बघून पुरा होत नाही, आणि दार लावून घेतल्याने धर्म राखला जात नाही. ज्यांच्या शेजारी ख्रिश्चन घर आहे त्यांनी यंदा स्वतः जावे. ताट यायची वाट पाहू नये. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आता करणे झेपत नाही, तर आपण अर्धे काम करावे. कोणाचे मत कुठे पडते, कोण कुठल्या भाषेचा, हे वाद पुढेही राहतील. राहू देत. ताटाचे खाते त्यासाठी बंद करू नये.

इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगावच्या कँपाजवळ राहिलेल्या मंडळींकडेही असे शेजार असणार. तुमच्याकडे ताट कोणाकडून यायचे आणि तुम्ही त्यात काय घालून परत पाठवायचा, ते जरूर लिहा. आणि ज्यांच्याकडे एखादे ताट परत करायचे राहिले असेल, त्यांनी अजून उशीर झाला असे समजू नये.