ताई, ती तर आपली नागलीच ना?

गेल्या वर्षीची गोष्ट. शहरातल्या एका शाळेत आंतरशालेय प्रश्नमंजूषा होती. आमच्या सुरगाण्याकडच्या दोन मुलींना घेऊन मी गेले होते. दोघी नववीतल्या. पहाटेची एसटी, वणीच्या पुढे लागलेली मळमळ, हातात शाळेचं पत्र आणि डब्यात भाकरी. तीन तासांचा प्रवास करून पोरी त्या गुळगुळीत फरशीच्या सभागृहात जाऊन बसल्या, त्या अगदी भिंतीला खेटून.

लेखी फेरी होती. पंचवीस प्रश्न, सगळे इंग्रजीत. कंपन्यांची बोधचिन्हं, विमानतळांची नावं, परदेशी कादंबऱ्या... त्यात एक प्रश्न होता, 'रागी' या धान्यात कोणतं खनिज भरपूर असतं? आमच्या मुलींनी ती जागा कोरी सोडली. निकाल लागला, आमचा संघ बाद झाला, आम्ही परतीच्या गाडीत बसलो. दिंडोरी मागे पडल्यावर त्यांच्यातली एक हळूच म्हणाली, "ताई, त्या पोरी बाहेर बोलत होत्या, रागी म्हणजे नाचणी. मग ती तर आपली नागलीच ना?"

मी काय बोलणार? जिने लहानपणापासून नागलीची रोपं लावली, कापली, झोडपली, दळली, तिला नागलीवरचा प्रश्न आला नाही. नागलीत हाडांना बळ देणारं कॅल्शियम असतं, हे तिने विज्ञानाच्या तासाला ऐकलेलं होतं. रागी हे नाव तेवढं ऐकलं नव्हतं.

मैत्रिणींनो, त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जात नाही. आपण म्हणतो, खेड्यातल्या मुलांचं सामान्यज्ञान कच्चं असतं. मला आता वाटतं, ज्ञान कच्चं नसतं. त्या ज्ञानाला बाहेरच्या जगात काय म्हणतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आणि येतं ते चारचौघांत मोठ्याने सांगायची सवय नसते, मुलींना तर मुळीच नसते.

जरा मागे वळून बघूया. आपल्याकडे क्विझचं वेड आलं ते शहरांतून. कोलकात्यात नील ओब्रायन यांनी १९६७ मध्ये पहिली खुली क्विझ घेतली. १९७२ मध्ये बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट सुरू झाली आणि पुढे रेडिओवरून घरोघरी पोहोचली. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं 'क्विझ टाइम' आलं. नव्वदच्या दशकात बोर्नव्हिटाचीच स्पर्धा टीव्हीवर आली, तेव्हा मी स्वतः शाळेत होते. ती इंग्रजी बोलणारी, टाय लावलेली मुलं बघताना वाटायचं, ही कुठल्या तरी वेगळ्याच देशातली असावीत. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. ज्यांनी पैसा घातला, ते आपलं गिऱ्हाईक होतं तिथे गेले. गिऱ्हाईक शहरात होतं, इंग्रजी शाळेत होतं.

मग २००० साली 'कौन बनेगा करोडपती' आलं आणि प्रश्न हिंदीत विचारले जाऊ लागले. भाषा बदलली तशी खुर्चीवर बसणारी माणसंही बदलली. २०१९ मध्ये याच कार्यक्रमात एक कोटी जिंकणाऱ्या बबिता ताडे आठवतात? अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या. महिना दीड हजार रुपयांवर शाळेतल्या मुलांना खिचडी शिजवून घालणारी बाई! प्रश्न समजेल अशा भाषेत आला, तर चुलीपाशी उभी असलेली बाईही उत्तर देते. याहून मोठा पुरावा कशाला हवा?

आता आमच्या तालुक्याचं बघा. दहा माणसांतली नऊहून जास्त आदिवासी. घरात कोकणा नाहीतर डांगी बोली, शाळेत पुस्तकी मराठी आणि स्पर्धेत इंग्रजी. म्हणजे पोराला एका उत्तरासाठी दोन उंबरे ओलांडायचे. दिवाळीनंतर कितीतरी आईबाप दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात, मुलं आश्रमशाळेत नाहीतर आजीपाशी. २०२२ च्या अखेरीस सीमेवरच्या काही गावांनी सोयी मिळत नाहीत म्हणून गुजरातेत जाण्याची मागणी केली, तेव्हा वाहिन्यांचे कॅमेरे आले. रस्ते, पाणी, दवाखाना, शाळा यांवर चार दिवस चर्चा झाली. नंतर कॅमेरे गेले. अशा ठिकाणी क्विझचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. मला तर एका मुलीच्या आईनेच विचारलं, "ताई, त्यानं पोट भरतं का?"

प्रश्न रास्त आहे. उत्तरही सरळ द्यायला हवं. आठवीत 'एनएमएमएस' नावाची परीक्षा असते. ज्यांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे, त्या घरातल्या मुलांसाठी. निवड झाली तर नववी ते बारावी, दरवर्षी बारा हजार रुपये. दोन पेपर, प्रत्येकी नव्वद प्रश्न आणि नव्वद मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट! तिथे ज्याला पटकन विचार करायची सवय आहे, तो टिकतो. ती सवय प्रश्नमंजूषेने लागते. (सरकारी निवासी शाळेत राहून शिकणाऱ्यांना मात्र ही शिष्यवृत्ती मिळत नाही, तेव्हा फॉर्म भरण्याआधी मुख्याध्यापकांना नीट विचारा.) पुढे पोलीस भरती, तलाठी, नर्सिंगची प्रवेश परीक्षा, सगळीकडे प्रश्न आणि घड्याळ हेच तर असतं. दहावीनंतर मुलगी थेट द्राक्षांच्या कामाला जाणार, बोहल्यावर चढणार की आणखी शिकणार, हे ठरताना अशी एखादी शिष्यवृत्ती पारडं फिरवते.

दुसरी गोष्ट. १९६३ पासून चालत आलेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ नंतर बंद पडली. हुशार मुलाला हेरणारी एक चाळणी गेली. पण काही नवी दारंही उघडली आहेत आणि ती आपल्याच मुलांसाठी आहेत, हे आपल्याला माहीत नसतं. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये आठवी ते दहावीच्या सरकारी आणि पालिका शाळांतल्या मुलांसाठी अर्थसाक्षरतेची प्रश्नमंजूषा घेतली. तालुका, मग जिल्हा, मग राज्य, मग देश अशा पायऱ्या. कर्नाटक सरकार आणि टीसीएस मिळून २००० सालापासून 'रूरल आयटी क्विझ' घेतात. ती खास खेड्यापाड्यांतल्या आणि छोट्या गावांतल्या आठवी ते बारावीच्या मुलांसाठी आहे, महापालिका हद्दीतल्या शाळांना तिथे प्रवेश नाही! सहावी आणि नववीसाठी मुंबईच्या विज्ञान शिक्षक संघटनेची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा आहेच. शाळेत येणारं असं परिपत्रक फलकावर लागतं की कपाटात जातं, एवढं जरी पालकसभेत विचारलंत तरी पुष्कळ.

बरं, सुरुवात कुठून करायची? आम्ही केली ती सांगते. त्या परतीच्या प्रवासानंतर आम्ही आठ-दहा मुली-मुलगे जमवले. दर शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर. खर्च म्हणाल तर एक दोनशे पानी वही.

पहिला नियम, दर आठवड्याला एकच विषय. नद्या म्हटलं की नद्याच. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावून पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते. आमच्याकडच्या नार आणि पार मात्र पश्चिमेला गुजरातमधून अरबी समुद्राला मिळतात. का? कारण मधे सह्याद्रीची धार आहे. मग नार-पारचं पाणी गिरणेत वळवायचं म्हणतात ते कसं? त्या योजनेला २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सात हजार कोटींहून जास्त खर्चाची मंजुरी दिली, ती बातमी त्या दिवशी मुलांनी वहीत चिकटवली. भूगोल, विज्ञान आणि चालू घडामोडी एकाच बैठकीत झाल्या. मुलांच्या घरापुढून वाहणारं पाणी म्हणून ते लक्षातही राहिलं.

दुसरा नियम, उत्तरं पाठ करायची नाहीत, प्रश्न तयार करायचे. प्रत्येकाने दोन. आणि समोर लिहायचं, हे कशावरून? पाठ्यपुस्तकाचं पान, वर्तमानपत्राची तारीख किंवा आजोबांचं नाव. आजोबा चालतात! स्वातंत्र्यापूर्वी सुरगाणा हे एक छोटं संस्थान होतं आणि १९४८ मध्ये ते विलीन झालं, हे एका मुलाला आजोबांकडून कळलं. मग त्याने ते पुस्तकात पडताळून पाहिलं. प्रश्न तयार करणारा मुलगा एका उत्तरामागे चार गोष्टी वाचतो, हा माझा अनुभव आहे. वाचायला मराठीत काही नाही, ही सबबही आता चालत नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक आणि सगळा मराठी विश्वकोश मोबाइलवर फुकट वाचता येतो. रेंज मिळायला टेकाडावर जावं लागतं, ती गोष्ट वेगळी.

तिसरा नियम, एका गोष्टीची सगळी नावं लिहायची. नागली, नाचणी, रागी, फिंगर मिलेट. घरचं नाव आधी, पुस्तकी नाव नंतर, इंग्रजी नाव शेवटी. या एका सवयीने आमचं निम्मं काम झालं.

चौथा नियम घंटेचा. अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांची 'क्विझ बोल' नावाची स्पर्धा असते. १९५३ मध्ये तिथल्या रेडिओवर 'कॉलेज बोल' सुरू झालं, त्याचीच ही पुढची पिढी. तिथला प्रश्न लांबलचक असतो. सगळ्यात अवघड खूण आधी, सोपी शेवटी. ज्याला जिथे कळलं तिथे त्याने घंटी दाबायची. चुकलं तर संधी दुसऱ्या संघाला. मला वाटलं, अरे, हे तर आपलं कोडंच की! आमच्याकडे घंटी नाही, म्हणून स्टीलचं ताट आणि चमचा. पहिला प्रश्न मीच केला. "माझं मूळ गाव आफ्रिकेतल्या डोंगराळ भागात. हजारो वर्षांपूर्वी मी भारतात आले. माझ्या शंभर ग्रॅम दाण्यांत तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. भारताच्या पुढाकाराने २०२३ हे माझ्या भावंडांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं. कर्नाटकात माझ्या पिठाचे गोळे करून आमटीबरोबर खातात..." एवढ्यात ताट वाजलं. कुणी वाजवलं, ते सांगायला नकोच!

पाचवा नियम मुलींसाठी आणि तो मी हट्टाने लावलाय. प्रत्येक संघात एक मुलगी हवीच आणि उत्तर सांगायचं काम आळीपाळीने. आधी काय व्हायचं, मुलगी कानात सांगायची आणि मुलगा मोठ्याने बोलायचा. टाळ्या मुलाला. आता तिलाच उठून बोलावं लागतं. पहिले काही शनिवार आवाज फुटत नव्हता. चुकलं तर हसायचं नाही, हे मुलांना शिकवायलाही तेवढेच शनिवार गेले.

प्रश्नमंजूषा म्हणजे सगळी बुद्धी नव्हे, हे मलाही कळतं. नुसती राजधान्यांची यादी घोकणारा पोपट तयार करण्यात अर्थ नाही. एका गुरुजींनी मला सुनावलंही, "आधी दहावीचं गणित सुटू द्या." खरं आहे त्यांचं. पण रोजच्या परिपाठात सामान्यज्ञानाचे प्रश्न असतातच ना? वर्षानुवर्षं तेच, महाराष्ट्राची राजधानी कोणती आणि राज्यप्राणी कोणता. सगळे एका सुरात उत्तर देतात आणि कुणीच विचार करत नाही. त्याच पाच मिनिटांत रोज एका मुलाने स्वतः केलेला एक प्रश्न विचारला, तर गणिताचा एक तासही बुडत नाही. स्पर्धा भरवणाऱ्यांनाही एक विनंती. प्रश्नपत्रिका मराठीतही द्या, दूरच्या शाळांना एसटीचं भाडं द्या आणि पंचवीसातले पाच प्रश्न शेतातले, जंगलातले, नदीतले विचारा. मग बघा भिंतीला खेटून कोण बसतं ते.

यंदा आम्ही पुन्हा एका स्पर्धेला गेलो. जिंकलो का? नाही. पहिल्या सहा संघांत गेलो असतो तर मंचावर बसायला मिळालं असतं, आम्ही नववे आलो. पण पंचवीसांपैकी चौदा उत्तरं बरोबर होती. परत येताना तीच मुलगी खिडकीपाशी बसून चुकलेले अकरा प्रश्न वहीत उतरवत होती. गाडी हलत होती, अक्षर वाकडं येत होतं.

रविवारी तिची आई बाजारात भेटली. नागलीची पिशवी खांद्यावर होती. म्हणाली, "ताई, पोरगी आता घरातबी सारखं इचारते, याला दुसरं नाव काय, त्याला दुसरं नाव काय. मला तर काही येत नाही." मी म्हटलं, तुम्हाला जी नावं येतात ती तिला सांगा. बाकीची ती शोधेल. दहावीनंतरही तिला शिकू द्याल ना, एवढंच तुम्ही मला सांगा.

आई काही बोलली नाही. पण 'नाही'ही म्हणाली नाही. येत्या शनिवारी ताट-चमचा घेऊन मी पुन्हा जाणार आहे.