फेबियस पळपुटा नव्हता!

इ.स.पू. 217 मध्ये हॅनिबलने ट्रासिमीन तलावाकाठी रोमन फौज कापून काढली. मग सूत्रं फेबियसकडे आली. तो समोरासमोर भिडलाच नाही. डोंगराच्या कडेने मागावर राहिला, रसदीसाठी फिरणाऱ्या तुकड्या टिपत राहिला. लोकांनी त्याला ‘चालढकल्या’ म्हणून हिणवलं. पुढच्याच वर्षी रोमने कॅनीला प्रचंड सैन्य उतरवलं आणि एका दिवसात गमावलं. मग पुन्हा फेबियसचीच वाट धरली.

माझं स्पष्ट मत: शेजारी तगडा स्पर्धक आला म्हणून भाव पाडू नका. त्याच्या मैदानात उतरणं धाडस नाही, भांडवल जाळणं आहे. आधी तग धरा. पण नुसतं थांबून जिंकता येत नाही, इ.स.पू. 202 मध्ये स्किपिओने आफ्रिकेत जाऊन हॅनिबलला हरवलं. पण त्यासाठी रोम आधी टिकलं होतं, हे विसरू नका.