हे पाणी पंढरपूरला जातं

आमच्या चौकाजवळच्या ओढ्याच्या पुलावर या आठवड्यात नवा फ्लेक्स लागला. ‘नदी वाचवा’. घोषणा एका ओळीत आणि शुभेच्छुकांचे फोटो तीन रांगांत. रस्त्यात काही लिहिलेलं दिसलं की मी ते शेवटपर्यंत वाचते, ही सवय या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. हाही वाचला. नदी बिघडते कशानं, मी माझ्या घरात, दुकानात, रस्त्यावर काय करायचं थांबवलं म्हणजे ती सुधारेल, यातलं काहीही त्यावर नव्हतं. फ्लेक्सला पैसे लागतात. ते कुणाच्याही खिशातले असोत, नदीच्या नावानं खर्च झाले आणि नदीच्या वाट्याला काही आलं नाही, याचा मला राग आला.

तिथून जरा पुढे, रस्त्याच्या कडेला पावसाचं पाणी आत जाण्यासाठी लोखंडी जाळी आहे. तिथं एक रंगारी उकिडवे बसून बादल्या धूत होते. समोरच्या इमारतीचं रंगकाम चालू आहे. पुट्टीची बादली विसळली, ब्रश पिळले, ते पांढरं पाणी जाळीच्या पट्ट्यांवरून आत उतरत होतं. शेजारी टर्पेंटाइनचा डबा होता, तोही रिकामा व्हायच्या रांगेत.

“मामा, हे पाणी कुठं जातं?” मी विचारलं.

“गटारात,” ते म्हणाले. “रस्त्यावर नाही सांडलं ताई. मुद्दाम इथवर घेऊन आलो.”

हे उत्तर दिवसभर माझ्या डोक्यात राहिलं. त्या माणसानं दोन मजल्यांवरून बादल्या खाली आणल्या होत्या. इमारतीचं अंगण खराब होऊ नये, कुणाचा पाय घसरू नये, म्हणून जाळी शोधली होती. त्याच्या मनात घाण करणं नव्हतंच, उलट स्वच्छतेनं वागावं असंच होतं. संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या बाकावर मी तोच प्रश्न विचारला. तिथं इंजिनिअर आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, एक शिक्षिका आहेत. “ते पुढं शुद्धीकरणाला जात असेल की,” असंच बहुतेकांचं मत पडलं. म्हणजे शिक्षणाचा इथं संबंध नाही. कुणी कधी सांगितलेलंच नाही.

तर आधी ते सांगते. शहरात रस्त्याखाली पाण्याच्या दोन वाटा असतात. स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास यांचं पाणी ड्रेनेजमधून मैलापाणी शुद्धीकरण केंद्राकडे जातं, निदान जावं अशी व्यवस्था असते. रस्त्याकडेच्या जाळीतून उतरणारं पाणी मात्र पावसाळी वाहिनीतून जवळच्या ओढ्यात आणि ओढ्यातून सरळ नदीत जातं. मध्ये कुठंही गाळणी नाही, टाकी नाही, माणूस नाही. पुण्याच्या नद्यांसाठी जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या कर्जावर आखलेली, जानेवारी २०१६ मध्ये करार झालेली योजना सगळ्यांच्या ऐकिवात आहे. सुमारे ९९० कोटी रुपये, ११ केंद्रं, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर मैलापाणी शुद्ध करण्याची क्षमता. ही केंद्रं हवीतच, नदीवरचा सगळ्यात मोठा भार मैलापाण्याचाच आहे. पण ती सगळी उद्या पूर्ण ताकदीनं चालली तरी त्या जाळीत ओतलेल्या टर्पेंटाइनला ती अडवणार नाहीत, कारण ते त्यांच्या वाटेनं जातच नाही.

आणि ओतावंच लागतं असंही नाही. वळवाचा पहिला पाऊस पडतो तेव्हा आपण मातीच्या वासानं सुखावतो. त्या वेळी एकदा जाळीपाशी उभं राहून पाण्याकडं बघा. ते काळं असतं, त्यावर तेलाचे रंगीत तवंग असतात, कडेला फेस असतो. उन्हाळाभर रस्त्यावर साठलेलं ऑइल, टायरची झीज, ब्रेकची भुकटी, बांधकामाची धूळ, पानाच्या पिचकाऱ्या, यातलं बरंचसं त्या पहिल्या सरींत धुऊन निघतं आणि नदीला एकदम मिळतं. टायरची झीज म्हणजे किती मोठं काय, असं वाटेल. अमेरिकेत सिॲटलजवळच्या ओढ्यांमध्ये समुद्रातून अंडी घालायला परत येणारे कोहो सॅमन मासे पाऊस पडला की काही तासांत तडफडून मरत. वर्षानुवर्षं कारण सापडत नव्हतं. २०२० च्या डिसेंबरात ‘सायन्स’ या नियतकालिकात संशोधन आलं. टायर लवकर तडकू नयेत म्हणून रबरात सिक्स-पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन त्याचं जे दुसरं रसायन तयार होतं, त्यानं ते मासे मरत होते. रस्त्यावरून पावसानं वाहून नेलेलं.

आपल्याकडं पावसाळी गटारांची चर्चा होते ती एकाच प्रश्नावर: पाणी तुंबलं का? तो प्रश्न खरा आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्यानं माणसं नेली, ती रात्र या शहरातलं कुणी विसरणार नाही. पण नालेसफाईच्या बातम्या, पाहणी दौरे, पंप, यंत्रं हे सगळं पाणी निघून जावं यासाठी चाललेलं असतं. त्या पाण्यात काय आहे, हे कुणी विचारत नाही. नाल्यातून काढलेला गाळ काठावरच ढीग घालून ठेवतात आणि पहिल्या मोठ्या सरीला तो परत आत जातो. पाणी निघून गेलं की आपल्यापुरता प्रश्न सुटतो. ते कुणाच्या तरी दारात पोचतं, हे डोळ्यांसमोर येत नाही.

माझी एक मावशी सोलापुरात असते. पावसाळा लागला की तिचा फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, “पुण्यात पाऊस कसा आहे गं?” माझ्या तब्येतीची चौकशी त्यानंतर. कारण उजनी भरतं ते बरंचसं पुण्याकडच्या पावसावर, आणि सोलापूर पितं उजनीचं पाणी. पुणेकरांना हे नकाशात माहीत असतं, सोलापूरकरांना ते नळाला माहीत आहे. मुठा संगमाला मुळेत मिळते, मुळा-मुठा पुढं भीमेला, भीमा उजनीला. धरणातून सुटलेली भीमा पंढरपुरात जाते आणि तिथं आपण तिला चंद्रभागा म्हणतो. आमच्या चौकातल्या जाळीत जे उतरतं, त्याची वाट ही अशी आहे.

दुसऱ्या दिवशी रंगारीमामा भेटले तेव्हा मी त्यांना ही वाट सांगितली. ते हातातला ब्रश तसाच धरून ऐकत राहिले. “चंद्रभागेत?” एवढंच म्हणाले. मग जरा वेळानं, “हे लिहायला पाहिजे की हो इथं.”

हेच लिहायला पाहिजे. प्युजेट साउंड ही सिॲटलजवळची खाडी. ‘प्युजेट साउंड इथून सुरू होतो’ हे वाक्य त्या भागात लोकशिक्षणासाठी वापरतात, रस्त्यावरच्या जाळ्यांपाशीही ते दिसतं. दंड किती ते नाही, कायद्याचं कलम नाही, ‘इथं कचरा टाकू नये’ अशी आज्ञाही नाही. फक्त पाणी कुठं जातं ते सांगितलं आहे. अमेरिकेत १९९९ च्या नियमांनी लहान शहरांनाही पावसाळी पाण्यासाठी सहा किमान कामं बंधनकारक केली, त्यातलं पहिलं काम लोकशिक्षण आहे. लहान शहरांकडं तिथंही पैसा कमीच असतो. म्हणून पत्र्यात कापलेली अक्षरं, रंगाचा डबा आणि शाळेतली मुलं, एवढ्यावर अनेक ठिकाणी हे काम होतं.

मामांशी बोलताना या पत्र्यातल्या अक्षरांचं निघालं तसे ते खुलले. ते मुळात भिंती रंगवणारे नव्हेतच. पाट्या रंगवायचे. दुकानांच्या पाट्या, एसटीच्या स्टँडवरच्या जाहिराती, ट्रकच्या मागच्या फळ्या, गणेश मंडळांचे पडदे. फ्लेक्स आला आणि हात रिकामे झाले, म्हणून पुट्टी आणि डिस्टेंपर. गावोगावी अशी माणसं होती. भिंतीवर खडूनं दोन रेघा मारायच्या, सुतळीला नीळ लावून छाप पाडायची आणि मग ‘श्री’च्या वेलांटीपासून सुरुवात. अक्षराला सावली द्यायची, कोपऱ्यात आपलं बारीक नाव टाकायचं. ती पाटी दहा-दहा वर्षं टिकायची. ऊन लागून रंग उडाला तरी अक्षर वाचता यायचं.

सरकारलाही तेव्हा ही माणसं लागत. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण मी लहानपणी पाहिला तो वर्तमानपत्रात नव्हे, माझ्या आजोळच्या चावडीच्या भिंतीवर. वाचता न येणाऱ्यांनाही त्याचा अर्थ कळत होता. २०००-०१ मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हाही गावांच्या भिंती अशाच बोलू लागल्या होत्या. त्या अभियानात सरकारनं आधी पैसे वाटले नाहीत. स्पर्धा ठेवली, बक्षीस ठेवलं, बाकी सगळं गावानं श्रमदानातून केलं. गाडगेबाबांचा मार्ग तोच होता. आधी स्वतः झाडू घेऊन गाव झाडायचं आणि मग रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे, उत्तरं त्यांच्याकडूनच काढून घ्यायची. लोकशिक्षणाला अंदाजपत्रकात तरतूद नाही, ही सबब महाराष्ट्रात तरी कुणी सांगू नये.

फ्लेक्स उंच टांगलेला असतो, गाडीतून जाणाऱ्याच्या नजरेला. जो माणूस बादली घेऊन जाळीपाशी वाकला आहे त्याच्या नजरेला तो येतच नाही. त्या माणसाला जे सांगायचं ते तो वाकतो तिथंच, त्याच्या डोळ्यांसमोर हवं. इतकं वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येऊ नये, याचं मला खरंच दुःख वाटतं.

मी मामांना म्हटलं, जाळीच्या शेजारी रस्त्यावर लिहू या, ‘हे पाणी पंढरपूरला जातं’. त्यांनी मान हलवली. “पंढरपूरचं नाव पायाखाली यायला नको ताई. उभ्या दगडावर लिहू.” फूटपाथच्या कडेला तो पिवळा-काळा रंगवलेला दगड असतो, त्याची उभी बाजू. त्यांचं सगळ्याच अर्थांनी बरोबर होतं. नाव तुडवलं जाणार नाही, टायरखाली रंगही घासणार नाही आणि वाकलेल्या माणसाला ते नेमकं समोर दिसेल. ऑइलपेंटच वापरायचा, आणि दगड पूर्ण कोरडा असताना, हेही त्यांनीच सांगितलं. ओल्या दगडावर रंग पापुद्र्यासारखा निघतो. म्हणजे हे काम मृग लागायच्या आत व्हायला हवं. रीतसर परवानगीचा अर्ज मी क्षेत्रीय कार्यालयात दिला आहे.

पालख्या पुण्यात येतात, दोन दिवस मुक्काम करतात. फर्ग्युसन रस्त्यानं, लक्ष्मी रस्त्यानं त्या जातात तेव्हा अर्धं शहर रस्त्याच्या कडेला उभं असतं, अगदी त्याच दगडांना पाय लावून. सुरुवात त्या रस्त्यांवरच्या जाळ्यांपासून करावी असं माझं मत आहे. वारकऱ्यांना पाणी देणारे, त्यांचे पाय चेपणारे हजारो पुणेकर आहेत. वारकरी पंढरपुरात ज्या पाण्यात स्नान करणार आहेत तेही इथूनच जातं, हे त्या दिवशी वाचलेलं माणूस विसरणार नाही.

बाकी ज्या गोष्टी लागतात त्या शहरात आधीपासून आहेत. मिळकतकराचं बिल घरोघर जातं, त्याच्या मागच्या बाजूला दोन वाटांचं एक साधं चित्र छापता येईल. घंटागाडीवर कर्णा आहेच, मे-जूनपुरती त्यावर अर्ध्या मिनिटाची सूचना वाजवता येईल: गाडी धुतलेलं पाणी, रंगाचं पाणी, हॉटेलचं खरकटं पाणी जाळीत ओतू नका. कचरावेचक ताई दारात येतात, त्यांच्याइतकं तर कुणाचंच लोक ऐकत नाहीत, मात्र या कामाचे पैसे त्यांना वेगळे द्यायला हवेत.

आणि ‘ओतू नका’ एवढं सांगून थांबायचं नाही, मग काय करायचं तेही त्याच वाक्यात सांगायला हवं. नाहीतर ते पालथ्या घड्यावर पाणी. मामा आता ब्रश एका जुन्या पिंपात धुतात. रात्रभर गाळ खाली बसतो, वरचं पाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा धुण्याला येतं, वाळलेला गाळ कचऱ्यात जातो. निवळलेलं टर्पेंटाइन तर त्यांना परत वापरता येतं, तेवढे त्यांचे पैसेच वाचले. आमच्या गल्लीतला गॅरेजवाला जळकं ऑइल डब्यात साठवून विकतो, तो ते ओतत नाही. पण जे जमिनीवर सांडतं त्यावर तो रोज संध्याकाळी पाइपनं पाणी मारतो आणि सगळं जाळीकडं ढकलतो. त्याला मी म्हटलं, पाण्याऐवजी भुसा टाका, ऑइल भुशात मुरलं की तो झाडून वेगळा पिशवीत भरा. तो म्हणाला, भुसा आणू कुठून? त्याच्या गॅरेजला लागूनच सुताराचं दुकान आहे आणि दाराशी भुशाची पोती उभी असतात.