ज्याची खावी पोळी

धोंडो केशव कर्वे यांनीं १९०० सालीं आपला अनाथ बालिकाश्रम पुणें शहरांतून हिंगण्याच्या माळावर नेला, तेव्हां तेथें एक झोंपडी आणि भोंवतीं पुष्कळसें रान एवढेंच होतें. फर्ग्युसन महाविद्यालयांत गणित शिकविण्यासाठीं हा गृहस्थ तेथून रोज पायीं ये-जा करी. आज त्याच हिंगण्यास त्यांच्याच नांवानें कर्वेनगर म्हणतात. माळ गेला, रान गेलें, दिवे आले, उड्डाणपूल आला, राजाराम पुलामुळें सिंहगड रस्ता हाकेच्या अंतरावर आला. आणि तरीहि रात्रीं अकरानंतर आपल्याच गल्लींत शिरतांना येथल्या दुचाकीस्वाराच्या पोटांत गोळा उठतो. भय विंचवाचें नाहीं, चोराचें नाहीं; कोपऱ्यावरच्या तीन कुत्र्यांचें आहे.

गेल्या श्रावणांतली गोष्ट. आमच्या मागील गल्लींत राहणाऱ्या एक परिचारिका रुग्णालयांतील पाळी संपवून स्कूटरवरून घरीं येत होत्या. वळणावर काळ्या नांवाचा कुत्रा व त्याचे दोन सोबती भुंकत चाकाशीं आले. बाईंनीं गति वाढविली. पुढें गतिरोधक होता. गाडी आडवी झाली आणि उजव्या हाताचें मनगट मोडलें. कुत्र्यांनीं त्यांस दांतहि लाविला नाहीं. गाडी पडतांच तीं जागच्या जागीं थांबलीं, क्षणभर उभीं राहिलीं आणि परत कोपऱ्यावर जाऊन बसलीं.

आम्ही चारपांच घरचीं माणसें खालीं उतरलों. एक गृहस्थ म्हणाले, "ह्यांना विषच घातलं पाहिजे." एक काकू म्हणाल्या, "मुकीं जनावरं तीं, त्यांचा काय दोष? गाडी जरा हळू चालवावी माणसानं." तिसरे म्हणाले, "उद्यां तक्रार करूं." बाईंस रिक्षानें दवाखान्यांत पोंचविलें आणि तिन्ही मतें आपापल्या मजल्यावर निजावयास गेलीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच वळणावर, जुन्या वर्तमानपत्राच्या कागदावर, दूधभात आणि चार पोळ्या ठेविलेल्या होत्या. त्यांपैकीं दोन पोळ्या आमच्या घरच्या होत्या. हें आधींच सांगून टाकितों. कारण पुढें ज्या पक्षाविरुद्ध आम्हांस लिहावयाचें आहे, त्या पक्षांत आमचें स्वयंपाकघर बरींच वर्षें सामील होतें.

कुत्रें फटफटीमागें कां धांवतें, ह्या प्रश्नाचें उत्तर कुत्र्याच्या स्वभावांत जितकें आहे तितकेंच आमच्या उष्ट्याखरकट्यांत आहे. पळत्या वस्तूचा पाठलाग करणें हें त्याच्या रक्तांतच आहे; त्याच्या पूर्वजांचें पोट त्यावरच चाललें. परंतु नुसत्या रक्तानें हें होत नाहीं. भर बाजारांत दुपारीं गाड्यांची रीघ लागलेली असतां कुत्रें दुकानाच्या सावलींत पाय ताणून निजतें. गल्ली ओस पडली कीं ती त्याची होते. जेथें ठरल्या वेळीं अन्न मिळतें, जेथें मादी विते, जेथें पिलें वाढतात, तेवढी भूमि त्या टोळीची मिरास. परका आला कीं त्यास हांकलून लावावयाचें. आणि दुचाकीवरचा परका हा तर फारच सोयीचा शत्रु: आवाज करीत येतो, त्याची पोटरी नेमकी कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असते, आणि मुख्य म्हणजे तो दर वेळीं निघून जातो. तो बिचारा घरीं जात असतो. कुत्र्याच्या हिशेबीं मात्र तो हरलेला असतो. रोज रात्रीं दहा वेळां जिंकणारा योद्धा अकराव्या वेळीं तलवार म्यान कां करील?

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, अशी आपल्याकडे म्हण आहे. काळ्या ती अक्षरशः पाळतो. पोळी आमची, टाळी वाजली ती एका परक्या बाईच्या मनगटावर. आम्हांस पाहून तो शेंपूट हलवितो, आणि आम्ही कौतुकानें म्हणतों, किती गरीब कुत्रा! गरीब खराच, पण आमच्यापुरता. अन्न घालणाऱ्यास त्याचें रात्रीचें रूप कधीं दिसतच नाहीं. तें पोळी न आणणाऱ्यासाठीं राखून ठेविलेलें असतें. आणि हा न आणणारा कोण? निजानीज झाल्यावर गल्लींतून जातें कोण? परिचारिका, पहारेकरी, उपाहारगृहांतला आचारी, आमच्याच घरीं रात्रीं दहाला जेवण पोंचवून परतणारा पोरगा. ज्यांच्यापाशीं मोटार आहे त्यांच्या कांचा वर असतात.

जाणते लोक स्वारास उपदेश करितात, व तो खराहि आहे. कुत्रें अंगावर आलें तर गति वाढवूं नये, ती हळूहळू कमी करावी. लाथ झाडूं नये, गाडी नागमोडी नेऊं नये. जमल्यास थांबून, गाडी मध्यें घेऊन, उभें राहावें. पळणारा थांबला कीं पाठलागाची मौज बहुधा संपते. हें सर्व त्या बाईंस माहीत होतें. तीन कुत्रीं अंधारांतून एकदम आलीं असतां तें आठवणें ही गोष्ट निराळी. उपदेश कितीहि चांगला असला तरी उपदेश करणाऱ्यानें त्याच्या आड लपूं नये.

विष घाला म्हणणारांचा पक्ष मोठ्यानें बोलतो, म्हणून त्याचें उत्तर आधीं देऊं. हा उपाय नवा नाहीं. मुंबईंत १८३२ सालीं सरकारनें मोकाट कुत्रीं मारण्याचा सपाटा लाविला, तेव्हां जूनच्या ६ तारखेस पारशी मंडळी खवळून उठली, इतर समाज त्यांस मिळाले, दुकानें बंद पडलीं. दंगा झाला तो झाला; कुत्रीं मारण्याची रीत मुंबईंत पुढें विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत चाललीच होती. मुंबईचीं कुत्रीं संपलीं काय? एक टोळी नाहींशी केली कीं तिच्या उकिरड्यावर शेजारची टोळी येते. उकिरडा शाबूत असला म्हणजे झालें. २०१९ च्या पशुगणनेंत भारतांत मोकाट कुत्रीं १ कोटी ५३ लाख भरलीं, त्यांपैकीं सुमारें पावणेतेरा लाख एकट्या महाराष्ट्रांत. एवढ्यांस पुरेल इतकें विष गल्लोगल्लीं सांडलें तर त्यानें आणखी कोण कोण मरेल, याचा विचार आमच्या शेजाऱ्यांनीं केला नसावा. शिवाय असें विष घालणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा आहे.

आमचा खरा वाद आहे तो दुसऱ्या पक्षाशीं. कारण तो सुशिक्षितांचा, सोंवळ्या मनाचा, म्हणजे आमचाच पक्ष आहे. त्याच्या हातीं प्रमाणेंहि मोठमोठीं असतात. दत्तात्रेयांच्या पायाशीं चार कुत्रीं, ते चार वेद, खंडोबाचा कुत्रा, पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणारे नामदेव, स्वर्गाच्या दारीं कुत्र्यासाठीं अडून बसलेला धर्मराज. ह्यांतल्या एकाहि कथेची आम्ही थट्टा करीत नाहीं. उलट आमचें म्हणणें असें कीं ह्या कथा आम्हीं नीट ऐकिल्याच नाहींत. धर्मराजानें कुत्र्यापुढें तुकडा टाकून आपण इंद्राच्या रथांत पाऊल ठेविलें काय? जो भरंवशानें बरोबर चालत आला त्याला टाकून जावयाचें नाहीं, म्हणून त्यानें रथच नाकारला. आम्ही तुकडा टाकितों, लिफ्टमध्यें बसतों, आणि तिसऱ्या मजल्याच्या स्वर्गांत एकटेच जातों. महाभारताच्या आरंभीं सरमेची गोष्ट आहे. जनमेजयाच्या भावांनीं यज्ञमंडपांत तिच्या पोराला विनाकारण मारलें. तिनें येऊन विचारलें, माझ्या मुलाचा अपराध कोणता? राजपुत्रांपाशीं उत्तर नव्हतें. आज ती कर्वेनगरांत आली तर मारणाऱ्यांस विचारीलच. पण त्यानंतर ती पोळी घालणाऱ्यांकडे वळेल. माझीं पोरें तुमच्या वळणावर जन्मलीं, त्यांतलीं निम्मीं चाकांखालीं मेलीं, उरलेल्यांस लस कोणीं टोंचविली? आम्हांपाशीं तरी उत्तर कोठें आहे?

लसीचें नांव निघालें म्हणून थोडें विषयांतर करितों. सुश्रुतानें जलत्रास म्हणून जो रोग वर्णिला, त्याचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं रोगी सहसा वांचत नाहीं. हें आजहि तितकेंच खरें आहे. पाश्चरनें १८८५ च्या जुलैंत एका मुलास लस टोंचल्यापासून दंशानंतर वेळेवर केलेला उपाय मात्र हमखास ठरत आला. असें असतां आमच्या सुशिक्षित घरांत अजून "पोटांत चौदा सुया" ह्या भीतीनें दंश लपविले जातात. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस आपल्या देशांत २००४ च्या अखेरीस बंद झाली. आतां दंडांत, ठराविक दिवशीं, चारपांच वेळां टोंचतात. जखम खोल असल्यास जखमेंतहि औषध देतात. पण त्याआधीं घरींच साबण आणि वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें जखम धुवावयाची असते. हळद, चुना, तिखट यांपैकीं कांहींहि तींत भरूं नये. नुसता ओरखडा असला तरी डॉक्टरांस दाखवावा. आणि शंभर कुत्र्यांपैकीं सत्तरांस लस टोंचली गेली तर कुत्र्यांतली सांथच तुटते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे.

आतां कायद्याकडे वळूं. मोकाट कुत्र्यांविषयीं २००१ सालीं नियम झाले व त्यांच्या जागीं २०२३ सालीं नवे आले. कुत्रें धरावें, निर्बीज करावें, लस टोंचावी, कानाला खाच पाडावी आणि जेथून नेलें तेथेंच सोडावें, हें त्यांचें सार. व तें काम स्थानिक संस्थेचें. ह्याच नियमांतलें दुसरें एक कलम आमच्या पक्षास फारसें आवडत नाहीं. अन्न घालण्याची जागा रहिवाशांनीं ठरवावी; ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या दारापासून दूर असावी; वेळ ठरलेली असावी; खरकटें मागें राहूं नये. सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२५ रोजीं दिल्लीचीं सर्व कुत्रीं उचलून कोंडण्याचा हुकूम दिला. २२ ऑगस्टला तो बदलून, पिसाळलेलीं व अंगावर येणारीं वगळून, बाकीचीं निर्बीज करून परत सोडण्यास सांगितलें, आणि अन्न वाटेल त्या रस्त्यावर न घालतां नेमल्या जागींच घालावें असें बजाविलें. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयें, बसस्थानकें, रेल्वेस्थानकें इत्यादि ठिकाणचीं कुत्रीं काढून पुन्हां तेथें सोडूं नयेत असें ठरविलें. ह्या तीन हुकुमांवर आमच्या इमारतींत जितका वाद झाला तितका निवडणुकीवरहि होत नाहीं. पण वाद घालणाऱ्यांपैकीं एकहि गृहस्थ खालीं जाऊन काळ्याच्या कानाला खाच आहे कीं नाहीं, हें पाहून आला नाहीं. आम्हीहि गेलों नाहीं.

आपल्या ताब्यांतील जनावराची योग्य ती खबरदारी न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेंत शिक्षा सांगितली आहे. ताब्यांतील! सारें घोडें ह्या शब्दापाशीं अडतें. पोळी घालतांना काळ्या आमचा असतो. मनगट मोडलें कीं तो रस्त्याचा होतो. तिकडे पंजाब व हरियाणाच्या उच्च न्यायालयानें २०२३ सालीं कुत्र्याच्या दांताच्या प्रत्येक खुणेमागें किमान दहा हजार रुपये भरपाई ठरविली. आमच्या बाईंच्या अंगावर दांताची एकहि खूण नव्हती. दंशाच्या नोंदवहींत त्यांचें नांव जाण्याचें कारण नाहीं. दवाखान्याच्या कागदावर 'गाडी घसरून पडल्या' असें लिहिलें आहे, आणि त्या कागदांत काळ्याहि नाहीं, आमच्या पोळ्याहि नाहींत.

म्हणून आमचें म्हणणें असें: जो नेमानें अन्न घालतो त्यानें त्या कुत्र्याच्या कानाचा, लसीचा आणि अन्नाच्या जागेचा भार उचलावा, तो झेपत नसेल तर पोळी गाईच्या दारीं न्यावी, नाहीं तर कणीकच कमी मळावी. "आम्ही कर भरतों, हें काम आमचें नव्हे," असें उत्तर येईल, आलेंहि आहे. पण कुत्रीं धरणारी गाडी गल्लींत शिरली कीं कुत्रीं बोळांबोळांतून पसार होतात, हें कोणीं पाहिलें नाहीं? त्या वेळीं काळ्याला नांवानें हांक मारून थांबवूं शकेल असा माणूस साऱ्या पुण्यांत एकच, आणि तो म्हणजे त्यास पोळी घालणारा. हें काम दुसऱ्या कोणाकडून होण्यासारखेंच नाहीं. तें पावसाळा सरण्याच्या आधीं झालें तर बरें; पुढें माजाचे दिवस येतात, थंडींत पिलें होतात, आणि पिलें असलेली मादी चाकाचीच काय, पायीं चालणाऱ्याचीहि गय करीत नाहीं.

आमच्या घरांतून ह्याला विरोध झाला. "इतकीं वर्षं घातलं, आतां त्याला फसवून गाडींत घालायचं?" हा प्रश्न मनाला लागला. तरीहि घातलें. तीनदां निरोप धाडावा लागला. चौथ्या वेळीं गाडी आली. पोळी दाखवून काळ्यास आम्हींच धरून दिलें. तो आमच्याकडे ज्या नजरेनें पाहत होता तिचें वर्णन येथें करीत नाहीं. पांचव्या दिवशीं तो परत आला, कानाला खाच घेऊन. दोन दिवस आमच्या हातचें खाल्लें नाहीं. त्याच्या सोबत्यांपैकीं एकास दुसऱ्या फेरींत नेलें. तिसरा अजून हातीं लागलेला नाहीं. दूधभाताची जागा वळणावरून हलवून इमारतीच्या मागें, पाण्याच्या टाकीपलीकडे नेली आहे, आणि काकू तेथपर्यंत जाण्याचे कष्ट पडतात म्हणून कुरकुर करीत कां होईना, जातात.

काळ्याची संवय मात्र एका खाचेनें जाणारी नव्हे. वळणावर अन्न नाहीं तरी तो संवयीनें तेथें बसतो आणि स्कूटरचा आवाज आला कीं उठतो. बाईंचें मनगट आतां सांधलें आहे. त्या पुन्हां रात्रपाळीस जाऊं लागल्या आहेत. अकरा वाजून वीस मिनिटांनीं आमच्या घरांतील कोणी तरी फाटकापाशीं जाऊन उभें राहतें, आणि त्यांचा दिवा वळणावर दिसला कीं काळ्याला हांक मारतें.