घासू नका, प्लीज!

टोकियोच्या ओएडो अँटिक मार्केटमध्ये मी माझी पहिली त्सुबा घेतली. त्सुबा म्हणजे सामुराई तलवारीच्या मुठीवरची चकती. लोखंडी, तळहातावर मावेल एवढी. पुण्याला आल्यावर पहिलं काम काय केलं? पॉलिश पेपरने घासली. एकदम चकाचक!

फोटो बघून जाणकार मित्राचा मेल आला, 'बाई, हे काय केलंस?' तो काळपट तपकिरी थर म्हणे कारागिराने मुद्दाम चढवलेला असतो. तो गेला की किंमतही गेली.

मग त्याने शिकवणी घेतली. सहीवर भाळू नकोस, मोठ्या नावांच्या खोट्या सह्या तेव्हाही व्हायच्या. आधी भोकांच्या आतल्या कडा बघ. साच्याची रेघ दिसली तर ओतीव नक्कल समज. मधल्या भोकाभोवती छिन्नीचे ठोके असतील, तर ती बहुधा खऱ्या पात्यावर बसवलेली. १८७६ मध्ये जपान सरकारने तलवार बाळगून फिरायला बंदी घातली आणि असे कितीतरी सुटे भाग परदेशी शोकेसमध्ये जाऊन बसले.

माझ्या त्सुबावर ठोके आहेत. चांगले चार. म्हणजे माल अस्सल होता, वाट मी लावली!

आता रोज रात्री टीव्ही बघताना सुती कापडाने नुसती चोळत बसते. एका कडेला किंचित तपकिरी झाक आलीये. आई म्हणते, तुझा भास आहे.