विजेरी टाकून देण्यापूर्वी

ज्या गावी कृषिपंपांस रात्रपाळीने वीज मिळते, तेथील शेतकऱ्याच्या हाती विजेरी असणे ही चैन नव्हे. नांगर-कुळवाइतकेच ते आवश्यक अवजार होय. मण्यार व घोणस हे विषारी साप विशेषतः रात्री हिंडतात, आणि दारे धरावयास गेलेल्या माणसाचा पाय अंधारात कोठे पडेल याचा नेम नसतो. असे असूनही विजेरी चार्ज होईनाशी झाली की ती अडगळीत टाकून मोबाईलच्या उजेडावर भागविण्याची प्रथा पडली आहे. ती योग्य नाही. दोष क्रमाने शोधल्यास पुष्कळदा अल्प खर्चात काम होते.

प्रथम दुसरे उपकरण लावून सॉकेटमध्ये वीज आहे ना, हे पाहावे. नंतर विजेरीची पिन गंजली वा सैल झाली आहे काय, ते तपासावे. यूएसबीच्या विजेरीस दुसरी केबल व दुसरा चार्जर लावून पाहावा. लाल खूणदिवा लागला म्हणजे बॅटरी भरत आहे, ही समजूत मात्र खरी नव्हे. अनेक स्वस्त विजेऱ्यांत तो केवळ वीज आल्याचे दाखवितो.

यापुढील तपासणी कारागिराची आहे. प्लगच्या अनेक स्वस्त विजेऱ्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्टची वीज थेट आतील भागांत खेळते. म्हणून प्लग लावलेला असताना विजेरी कदापि उघडू नये. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठून राहू शकते.

तथापि कारागिराकडून दोन मापे मागून घेण्याचा आग्रह शेतकऱ्याने अवश्य धरावा. ४ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीचा दाब चार्जिंगपूर्वी व नंतर, दोन्ही वेळा प्लग काढून, मल्टिमीटरने मोजावा. दाब मुळीच वाढला नाही, तर तार, कपॅसिटर किंवा डायोड यांचा संशय प्रथम घ्यावा. दाब वाढला, परंतु दिवा लावताच झपाट्याने उतरला, तर बॅटरी जीर्ण झाली असे समजावे. या मापांवाचून बॅटरी बदलणे म्हणजे रोग न ओळखता औषध फवारणे होय. फुगलेला लिथियम सेल मात्र न टोचता, न चार्ज करता तात्काळ बाजूस काढावा.

हंगामानंतर शिसे-आम्ल बॅटरी रिकामी ठेवल्यास तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. म्हणून ती पूर्ण भरून ठेवावी व अधूनमधून पुन्हा चार्ज करावी. अवजारांची निगा राखणाऱ्या शेतकऱ्यास हे अवघड नाही.