मर्यादित प्रती आणि अक्षरांची मिरास

अमेरिकन छायाचित्रकार विल्यम वेगमन यांनी आपल्या करड्या वायमारानर श्वानांना जमिनीवर निजवून, त्यांच्या लांब पाठीचा दंड आणि मुडपलेल्या पायांची वळणे साधून, जी रोमन अक्षरे सिद्ध केली, ती पाहताना प्राण्याचा संयम आणि माणसाची कल्पकता यांचा दुर्लभ संगम प्रत्ययास येतो. परंतु अशी अक्षरचित्रे मोजक्या, स्वाक्षरीयुक्त प्रतींच्या संचात बंदिस्त करण्याची कलाव्यापारातील वहिवाट मला सर्वस्वी मान्य नाही. वेगमन यांच्या नावाशी निगडित झालेल्या 20 बाय 24 इंची पोलरॉइड कॅमेऱ्यातून एका वेळी एकच चित्र निघे, आणि तेथील दुर्मिळता यंत्राच्या स्वभावातच होती. उलट जेथे हव्या तितक्या प्रती छापता येतात, तेथे ती निव्वळ कराराने ठरते. उत्तम कागद, कसबी छपाई आणि कलावंताचा चरितार्थ यांस्तव असा करार रास्त असला, तरी अक्षरे ही सर्वांची मिरास असल्याने, प्रत्येक संचाची एक प्रत सार्वजनिक ग्रंथालयाच्या हवाली करण्याची शर्त त्यात अवश्य असावी. 1994 साली वेगमन यांनी श्वानांची वर्णमाला बालकांसाठी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. संग्राहकांनीही तेच औदार्य दाखवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.